वाचकांचे प्रश्न: सर्टिफाइड स्पोर्ट्स कार घ्यायचीय, काय बघू?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, सेकंडहँड स्पोर्ट्स कार, आणि ती सर्टिफाइड असेल तर डोळे झाकून घ्यावी का. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. लिहिणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, मुलांची शिक्षणं झालीत, घराचा हप्ता संपलाय, आणि कॉलेजात असताना जिचं चित्र भिंतीवर लावलं होतं ती गाडी आता एकदा आपल्या दारात उभी बघायचीय. मला ही इच्छा खूप आवडते, आणि म्हणूनच त्यात कोणाचे कष्टाचे पैसे बुडू नयेत असं मनापासून वाटतं. उत्तरं थोडी लांबलीत, पण घाईत वाचू नका.

पुण्याहून एक वाचक: नमस्कार सर. मी ५१ वर्षांचा, हडपसरला माझं छोटं वर्कशॉप आहे. मुंबईत कंपनीच्याच शोरूममध्ये २०१७ ची पोर्शे ७१८ केमन बघितली, त्यांच्या अप्रूव्ह्ड स्कीममधली, १९ हजार रनिंग, दुसरा मालक, वर्षाची वॉरंटी देतायत. तेच मॉडेल, तेच वर्ष, एका एजंटकडं ७ लाखांनी स्वस्त मिळतंय आणि तो पण म्हणतो आमची सर्टिफाइड आहे. सात लाख म्हणजे माझ्यासाठी खूप आहेत. काय करू?

सर्वात आधी हे लक्षात घ्या की 'सर्टिफाइड' हा शब्द कोणीही वापरू शकतो, त्याला आपल्याकडं कुठला सरकारी शिक्का लागत नाही. पोर्शेची स्वतःची जी अप्रूव्ह्ड स्कीम आहे त्यात १११ मुद्द्यांची तपासणी असते आणि किमान १२ महिन्यांची वॉरंटी कंपनीच्या नावानं मिळते. एजंटचं सर्टिफिकेट म्हणजे त्याच्या लेटरहेडवर किंवा कुठल्या तरी इन्स्पेक्शनवाल्याच्या ॲपवर आलेला रिपोर्ट. तो रिपोर्ट खोटा असतो असं मी म्हणत नाही, कधीकधी चांगला पण असतो, पण उद्या गिअरबॉक्स गेला तर बिल कोण भरणार एवढं एकच विचारा आणि उत्तर लेखी मागा. तुमच्या सात लाखांचा हिशोब तिथंच होतो, कारण या गाडीतला पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर ते सात लाख कुठल्या कुठं जातील.

आता कंपनीच्या शोरूमची गाडी म्हणून तिथं पण निर्धास्त होऊ नका. तपासणी झाली असं नुसतं ऐकू नका, तो १११ मुद्द्यांचा भरलेला कागद मागा, सही आणि तारखेसकट. वॉरंटीचं पुस्तक घरी नेऊन रात्री शांतपणे वाचा. ब्रेक, टायर, बॅटरी, वायपर असल्या झिजणाऱ्या गोष्टी त्यात धरत नाहीत, ते ठीक आहे, पण क्लेम फक्त त्याच डीलरकडं करायचा की भारतातल्या कुठल्याही पोर्शे सेंटरला, एका वेळच्या क्लेमला काही मर्यादा आहे का, आणि वर्ष संपल्यावर पैसे भरून पुढं वाढवता येते का, हे तीन प्रश्न विचारायलाच पाहिजेत. वाढवता येत असेल तर ती सोय सोडू नका.

मग येतो मशीनचा भाग, आणि तुम्ही स्वतः वर्कशॉपवाले, तुम्हाला हे पटकन कळेल. पोर्शेच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट निघतो. इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या वर किती वेळा गेलं ते सहा रेंजमध्ये नोंदलेलं असतं. खालच्या रेंजमध्ये थोडे आकडे असले तर घाबरू नका, कोणीतरी गाडी मजेत चालवलीय एवढंच. वरच्या रेंजमध्ये आकडे दिसले तर मात्र विचारा, कारण तिथं इंजिन सहसा चुकीच्या डाउनशिफ्टनं, म्हणजे चुकून फार खालचा गिअर टाकल्यानं जातं आणि पीडीके गाडीत तशी चूक कॉम्प्युटर होऊच देत नाही, म्हणजे वरच्या रेंज रिकाम्याच असायला पाहिजेत. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते पण असतं. आता १९ हजार किलोमीटरला त्या तासांनी भागा. ९०० तास निघाले तर ताशी २१ किलोमीटरची सरासरी आली, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पटण्यासारखी आहे. २,००० तास निघाले तर सरासरी साडेनऊ येते, आणि कुठलीच केमन आयुष्यभर साडेनऊच्या सरासरीनं चालत नाही, मीटर मागं फिरवलाय का असं सरळ तोंडावर विचारा.

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय इसार देऊ नका. केमनचं इंजिन सीटच्या मागं पोटात असतं, वरून बघायला काही दिसत नाही, जे बघायचं ते खालून. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आहेत, तिथं पाला, प्लास्टिक, चिखल साचून राहतो, टॉर्च मारून बघा. ब्रेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, कॅलिपरनं मोजून घ्या. टायरवर एन-झिरो, एन-वन असं मार्किंग आहे का बघा, म्हणजे पोर्शेनं मान्य केलेले टायर, आणि चार आकडी तारीख वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात त्यामुळं अदलाबदल करता येत नाही. जुने टायर निघाले तर घासाघीस करायला तो मुद्दा पक्का धरा, कारण चारचा सेट लाखाच्या पुढं जातो.

माझं मत विचाराल तर कंपनीची घ्या. पण शोरूमनं बाहेरच्या माणसाकडून लिफ्टवर तपासायला नकार दिला, तर तिथूनही उठून या.

सांगलीहून एक वाचक: दादा, चेन्नईची एक जर्मन टू-सीटर ऑनलाइन बघितलीय, फोटोत एकदम नवीकोरी, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. विकणारा म्हणतो मालक परदेशी गेला म्हणून घाई आहे. आमच्याकडं आम्ही २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय, म्हणून मनात शंका येते. पुरातली गाडी कशी ओळखायची?

तुमची शंका बरोबर आहे, आणि ज्यानं कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं बघितलंय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही. चेन्नईत २०१५ च्या डिसेंबरमध्ये आणि परत २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग वादळात फार गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या विमा कंपनी टोटल लॉस करते, मग त्या लिलावात जातात, कोणीतरी घेऊन धुऊन पुसून उभी करतो आणि चार-पाच राज्यं सोडून विकतो. स्पोर्ट्स कार तर जमिनीला टेकलेली, तिच्यात पाणी शिरायला गुडघाभर पण लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी मामेभावाबरोबर एका शहरातल्या नावाजलेल्या डीलरकडं सर्टिफाइड कन्व्हर्टिबल बघायला गेलो होतो. गाडी चकचकीत, रिपोर्ट हिरव्या टिकांनी भरलेला. मी डिकीतलं कार्पेट उचललं, बॅटरीच्या खालच्या खोलगट भागात बारीक पिवळट माती वाळून बसलेली, बोल्टच्या आट्यांमध्ये सुद्धा. सेल्समन म्हणाला वॉशिंगचं पाणी गेलं असेल. वॉशिंगच्या पाण्यात गाळ नसतो. भावानं आधीच टोकन दिलं होतं, ते परत मिळायला दोन महिने आणि चार चकरा लागल्या, आणि तेव्हापासून कोणी टोकनचं नाव काढलं की मी आधी कार्पेट उचलायला सांगतो.

तर तुम्ही असं करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथं डाग किंवा वास राहतो. सीट पूर्ण पुढं-मागं करून खालच्या रुळांवर गंज बघा. डॅशबोर्डच्या खालून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पांढरी पावडर आलीय का ते मोबाइलच्या टॉर्चनं बघा. हेडलाइटमध्ये पाण्याची रेष. एसी बंद ठेवून काचा लावून दहा मिनिटं आत बसा, तो वास तुम्हाला ओळखू येईल, तुमच्याइतका कोणाला नाही येणार. अत्तर किंवा फ्रेशनरचा फार घमघमाट असेल तर तोही एक इशाराच समजा.

आणि एक कागदाची युक्ती सांगतो, ती फार जणांना सुचत नाही. विकणाऱ्याची चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. तो पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के होतो. सात वर्षं एकाच मालकाकडं असलेली गाडी आणि बोनस शून्य किंवा २० असेल, तर अलीकडं क्लेम झालाय, कशाचा झाला ते विचारा आणि क्लेमचे कागद मागा. मालक परदेशी गेला म्हणून कागद नाहीत असं सांगितलं तर या गाडीचा नाद सोडा, मन कितीही ओढलं तरी.

नाशिकहून एक वाचक: सर, दिल्ली पासिंगची २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी मिळतीय, इथल्याच एका डीलरनं आणलीय. तो म्हणतो नंबर बदलायची घाई नको, वर्षभर अशीच चालवा, नंतर बघू. आरसीवर अजून दिल्लीच्या जुन्या मालकाचंच नाव आहे. चालेल का?

नाही चालणार, आणि या एका बाबतीत मी जरा कडक बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

गाडी तुमच्या ताब्यात आली की ३० दिवसांच्या आत आपल्या आरटीओला मालकी बदलल्याचं कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये तसं लिहिलंय. डीलर जे वर्षाचं सांगतोय ते कलम ४७ मधलं, दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं राहिली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, ती गोष्ट वेगळी. बदली होऊन आलेल्या माणसाला त्याचा उपयोग, तुम्ही तर गाडी विकत घेताय. नाव न बदलता चालवली आणि कुठं अपघात झाला तर आरसीवरचा मालक जबाबदार धरला जातो, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलंय. तुम्ही म्हणाल मग तो दिल्लीवाला बघेल, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तुमच्या नावावर पॉलिसी नसताना तुम्हाला कोण देणार? विमा आपल्या नावावर करून घ्यायला कायद्यानं १४ दिवस दिलेत, ते पण पाळा.

आता डीलरचं बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत नोंदणी घ्यावी लागते, आणि मालक त्याच्याकडं गाडी सोपवतो तेव्हा फॉर्म २९ सी भरून पोर्टलवर कळवावं लागतं. ते केलेलं असेल तर तो डीलर गाडीचा मानीव मालक ठरतो आणि एनओसी, ट्रान्सफर ही कामं तोच करू शकतो. त्याला विचारा, तुमचा अधिकृत नंबर काय आणि या गाडीचा २९ सी कुठाय. दाखवला तर चांगलंच. नसेल तर मग दिल्लीच्या मालकाच्या सहीचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, दिल्ली आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, आणि गाडीवर कधी कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ठरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा आरसीवर तुमचं नाव आल्यावर देईन असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. खरा माणूस याला तयार होतो.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च कोणी सांगत नाही तो टॅक्सचा. मस्टँग आपल्याकडं पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेली गाडी, आणि अशा आयात गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्सचा दर २० टक्के आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी होतो पण रक्कम लाखांतच असते. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो ज्यानं भरला त्याला, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो पैसा तुमच्या बजेटमध्ये धरूच नका. आधी नाशिक आरटीओत या गाडीचं वर्ष आणि मूळ किंमत सांगून टॅक्सचा आकडा काढून आणा, मग डीलरशी किमतीचं बोला. मला तर वाटतं त्याच्या 'नंतर बघू' मागं हाच आकडा लपलाय.

गाडीबद्दल म्हणाल तर पाच लिटरचा व्ही-एट, ४०१ पीएस, त्या आवाजासाठी मी पण रस्त्यात थांबून बघतो. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, सर्व्हिस चालू आहे, पण मस्टँगचा बंपर किंवा हेडलाइट लागला तर थांबायची तयारी ठेवा. एमएच पासिंगची गाडी मिळत असेल तर थोडे जास्त देऊन तीच घ्या.

नागपूरहून एक वाचक: स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस २४५, डीलर म्हणतो पूर्ण स्टॉक आहे, म्हणजे कंपनीतून आली तशीच. पण मित्र म्हणतो स्टेज वन मारून परत काढलेलं असणार. कळतं का?

बऱ्याच वेळा कळतं. स्टेज वन म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाडीत इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं कंपनीच्या सिस्टिमला सापडलं की तिथं टीडी-वन असा शिक्का बसतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली. त्यामुळं अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी जोडून टीडी-वन आहे का ते बघायला सांगा. शिवाय स्कॅनर लावल्यावर रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, 'नॉट रेडी' दिसले तर कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत, दोन-तीन दिवस चालवल्यावर परत स्कॅन करा. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदललं का त्याची पावती बघा, थर्मोस्टॅट-वॉटर पंपाच्या हाउसिंगला गळती आहे का बघा, या इंजिनचं ते दुखणं आहे. भारतात या २०० च गाड्या आल्या, मागणी खूप आहे, म्हणून विकणारे ताठ असतात. तुम्ही पण घाई करू नका. आणि ट्यून केलेली म्हणजे वाईटच असं नाही, लपवलेली वाईट.

ठाण्याहून एक वाचक: शोरूमवाला ४५ लाखांच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल म्हणतो. म्हणजे आठ लाखांच्या वर! बरोबर आहे का?

तसं नाहीये. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर लागू झाला हे खरं, पण तो डीलरच्या मार्जिनवर. त्यानं ४० ला घेऊन ४५ ला विकली तर ५ लाखांवर १८ टक्के, म्हणजे ९० हजार, आणि बहुतेक जण तो किमतीतच धरतात. पूर्ण किमतीवर मागत असेल तर कुठल्या नियमानं ते लेखी द्या म्हणा. घरगुती माणसाकडून घेतली तर जीएसटी नाहीच. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर, डीलर घेतो, तो तुमच्या रिटर्नमध्ये परत जमा होतो, पॅन नीट लिहून द्या.

एडिसन, न्यू जर्सीहून एक वाचक: काका, मी इथं बारा वर्षं आहे, मूळचा डोंबिवलीचा. २००७ ची ९११ करेरा एस बघतोय, मॅन्युअल. डीलर वेगळ्याच ब्रँडचा आहे पण 'सर्टिफाइड' लिहिलंय. बाबांना पुढच्या समरला गाडीत बसवून फिरवायचंय. घेऊ का?

बाबांना फिरवायचंय हे वाचून फार बरं वाटलं. पण ही गाडी पोर्शेची सर्टिफाइड नाही, असूच शकत नाही. अमेरिकेत पोर्शेच्या अप्रूव्ह्ड स्कीममध्ये १३ वर्षांपेक्षा जुनी किंवा १ लाख २४ हजार मैलांपेक्षा जास्त चाललेली गाडी घेतच नाहीत, आणि घेतली तर २ वर्षांची, मैलांची मर्यादा नसलेली वॉरंटी देतात. म्हणजे डीलरनं लिहिलेलं सर्टिफाइड हे त्याचं स्वतःचं किंवा कुठल्या थर्ड पार्टी सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचं असणार, त्यातल्या बारीक अक्षरात काय वगळलंय ते नीट बघ.

आता इंजिन. १९९७ पासून २००८ पर्यंतच्या या इंजिनांमधल्या आयएमएस बेअरिंगची, म्हणजे आतल्या एका शाफ्टच्या बेअरिंगची भीती तू इंटरनेटवर वाचली असशील. २००७ च्या गाडीत ते मोठं बेअरिंग आहे, ते आधीच्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा जातं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता पण येत नाही. मला त्यापेक्षा जास्त काळजी ३.८ लिटरच्या इंजिनमधल्या बोअर स्कोरिंगची वाटते, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं, आणि थंड प्रदेशातल्या गाड्यांना ते जास्त होतं. गरम झाल्यावर टिक-टिक आवाज, ऑइल जास्त पिणं, एका बाजूचा सायलेन्सर दुसरीपेक्षा जास्त काळा, ही लक्षणं. पोर्शेचंच काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडं प्री-परचेस इन्स्पेक्शन कर आणि बोअरस्कोपनं, म्हणजे नळीवरच्या बारीक कॅमेऱ्यानं, खालून, ऑइल साठतं त्या संपच्या बाजूनं सिलिंडर बघायला सांग, स्पार्क प्लगच्या भोकातून बघितलं तर ओरखडे नीट दिसत नाहीत. काही शे डॉलर जातील, ते जाऊ देत. मॅन्युअल आहे म्हणून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट तर हवाच, पुण्याच्या वाचकाला वर सांगितलाय तोच, आणि तुझ्या गाडीत वरच्या रेंजचे आकडे फार महत्त्वाचे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी हिवाळ्यात चाललीय का ते खालचे नटबोल्ट बघून कळेल.

बजेट थोडं वाढवता आलं तर २००९ नंतरची बघ. इंजिन नवीन डिझाइनचं आहे, त्यात ते बेअरिंगच नाही.

पणजीहून एक वाचक: मी ४६ वर्षांची, बँकेत आहे. मला स्वतःसाठी बीएमडब्ल्यू झेड-फोर घ्यायची आहे, एम-फॉर्टी-आय, २०२० ची, कंपनीच्या प्रीमियम सिलेक्शनमधली. सगळे म्हणतात गोव्यात पाऊस आणि खारी हवा, उघड्या टपाची गाडी कशाला. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं त्याचं काय?

ताई, घ्या. सहा सिलिंडर, ३४० पीएस, आणि मिरामारच्या रस्त्यानं संध्याकाळी टप उघडून जायचं, दुसऱ्यांना काय वाटतं ते त्यांच्यापाशी राहू द्या. काळजी मात्र तीन ठिकाणी घ्या.

पहिली पाण्याची. कापडी छताच्या गाडीत कडेनं आलेलं पाणी खाली सोडायला बारीक नळ्या असतात, त्या पाल्यानं तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि खाली बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवर साचतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी त्या नळ्या साफ करून घ्या, आणि आत्ता घेताना सीटच्या मागच्या कार्पेटला हात लावून ओल बघा. जमलं तर गाडी पावसाच्या दिवशी बघायला जा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट कव्हर घ्याच.

दुसरी खाऱ्या हवेची. उभी राहिलेली गाडी इथं जास्त लवकर खराब होते. सहा वर्षांत पाच हजार किलोमीटर चाललेली गाडी बघून सगळे खुश होतात, मला उलट अशा गाडीचं जास्त बघावंसं वाटतं, टायर एका जागी बसून चपटे, बॅटरी थकलेली, रबराची सीलं वाळलेली, आणि चाललीच नाही म्हणून ऑइल बदललेलं नाही. ऑइल वर्षाला बदलायचं असतं, चालो न चालो. सर्व्हिस हिस्ट्री या गाडीच्या स्क्रीनवरच दिसते, तारखा स्वतः वाचा आणि शोरूमच्या कागदाशी जुळवा. रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून घ्या, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, एखाद्याच दरवाज्याला ३०० आलं तर तो दरवाजा परत रंगवलाय.

तिसरी पेट्रोलची. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोलच मिळतं. टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल आणि मॅन्युअल बघा, ई-टेन पर्यंतच लिहिलं असेल तर ई-ट्वेंटी चालेल का ते कंपनीच्या सर्व्हिसकडून मेलवर लेखी घ्या, वॉरंटीच्या वेळी तोंडी सांगितलेलं कामाला येत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून टाकी अर्धी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी म्हापशापर्यंत जाऊन या, इंजिन पूर्ण गरम होऊ दे. लांब मुदत उभी ठेवायचीच असेल तर इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही पंपांवर मिळतं, महाग आहे, पण शेवटची टाकी त्याची भरून ठेवा.

स्पेअर चाक या गाडीत नसतं, पंक्चर किट आणि हवेचा पंप जागेवर आहे का ते डिकीत बघा. आणि ट्रायलला जाल तेव्हा सेल्समनला सांगून टप दोन-तीनदा उघडून बंद करा, एकदा उभ्या गाडीत, एकदा हळू चालत्या गाडीत, ५० च्या खाली ते चालतं आणि १० सेकंदांत व्हायला पाहिजे. मध्ये अडखळलं किंवा एका बाजूनं करकर आवाज आला तर दुरुस्ती करून द्या मग पैसे देते म्हणा, डिलिव्हरीच्या आधी.